एल्डन रिंगच्या कथेवर वाद घालायचाय? नवीन पोरांसाठी पायरी-पायरीनं

आपल्याकडं परभणी, नांदेड, लातूर साईडला एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम खेळणारी पोरं आता बरीच झालीत, आणि शेवटचा बॉस पडला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की भाऊ मी जिंकलो ते ठीक आहे पण झालं काय नेमकं? मग चहाच्या हॉटेलवर कुणीतरी विषय काढतं, एक म्हणतो आपल्यासोबत फिरणारी मेलिना म्हणजेच ती जुनी राणी, दुसरा म्हणतो तुला काही कळत नाही, आणि आवाज असा चढतो की हॉटेलवाले काका विचारतात भांडण वाटणीचंय का रे. त्या टेबलावर नवीन येऊन बसणाऱ्यांसाठी हे लिहायलो. बॉस कसा मारायचा ते इथं नाही, त्याचे व्हिडिओ ढीगभर पडलेत. गेमनं मुद्दाम अर्धवट ठेवलेल्या गोष्टींवर कसं बोलायचं, पुरावा कुठून आणायचा आणि कुठं गप बसायचं, एवढंच.

पुढं सगळी कथा उघडी केलीय, डीएलसी म्हणजे नंतर आलेल्या जादा भागासकट. गेम अर्धा झाला असेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाचा आणि खेळून या.

पायरी १: कथा अशी तुटक का, ते आधी समजून घ्या

हे समजलं नाही तर तुम्ही प्रत्येक गोष्टीला "लिहिणाऱ्यानं चूक केली" म्हणत बसाल. गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला, कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअर, डायरेक्टर हिदेताका मियाझाकी. या जगाचा जुना इतिहास, म्हणजे आपण यायच्या लय आधीचं सगळं, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिला, आणि गेममधला मजकूर मियाझाकींच्या टीमनं लिहिला. त्यामुळं आपण जातो ते सगळं घडून गेल्यावर. युद्ध झालेलं, राजपुत्र मेलेला, राणी गायब, आणि आपल्या हातात काय तर तलवारीवरच्या चार ओळी आणि एखाद्या म्हाताऱ्या कासवाची बडबड.

मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजी फँटसीची पुस्तकं वाचायचे, सगळं कळायचं नाही, मग जे कळलं नाही ते चित्रं बघून आपल्या मनानं भरून काढायचे. मला तर हे ऐकून लय बरं वाटलं. मराठी मीडियममधून आलेल्या आपल्यासारख्या कितीतरी जणांचं बालपण असंच गेलंय, आणि हा माणूस त्याच सवयीतून गेम बनवतोय, म्हणजे ती रिकामी जागा त्यानं आपल्यासाठीच सोडलीय.

पायरी २: सामान आणि कागदपत्रं

वादाला बसण्याआधी एवढं जवळ पाहिजे:

- गेम स्वतः खेळलेला. पीसीवर असेल तर स्टीमवर किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लिहिलीय. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये जुन्या लॅपटॉपवर दुपारी खेळू नका, कूलर समोर असला तरी तापतो आणि गेम अडकायलाय अशी बोंब होते.
- डीएलसी, शॅडो ऑफ द अर्डट्री, २१ जून २०२४ ला आलं. हे नसेल तर निम्म्या वादात तुमचं ऐकूनच घेणार नाहीत, का ते पायरी ६ ला सांगतो. आत जायला राडान आणि मोग हे दोन बॉस मारलेले लागतात, मग मोगच्या महालातल्या त्या कोषातून लटकलेल्या सुकलेल्या हाताला हात लावायचा.
- स्क्रीनशॉटचा एक फोल्डर. आयटमचं वर्णन, पात्राचं वाक्य, पुतळा, काहीही. फोटोच्या नावात जागा लिहा, नाहीतर नंतर हे कुठलं थडगं ते कळत नाही.
- एक वही किंवा फोनमधली नोट. प्रत्येक नावापुढं कोण कुणाचं कोण ते लिहा. मरिका (ही गायब झालेली राणी), मलेनिया, मिकेला, मेलिना, मेस्मर, मोग, मॉर्गॉट, सगळी एकाच अक्षरावर, आणि घर बहुतेक एकच. पहिल्या वेळी सगळ्यांचाच गोंधळ होतो.

एक गोष्ट बारकाईनं. मोठ्या बॉसकडून रिमेम्ब्रन्स (त्यांची आठवण म्हणून आयटम) मिळतात, ते एनिया नावाच्या म्हातारीकडं देऊन शस्त्र घेतलं की आयटम बॅगेतून जातो आणि त्याच्यावरचं वर्णनही जातं. देण्याआधी फोटो काढा. फिरत्या मॉसोलियममध्ये (चालत्या थडग्यात) डुप्लिकेट करता येतं, पण ते सगळ्यांचं होत नाही, सोय आहे म्हणून निवांत बसू नका.

आणि हा गेम आपोआप सेव्ह होतो, मागं जाता येत नाही. एखाद्या माणसाशी बोलायचं राहिलं आणि तो मेला तर संपलं. रॉजिअर, फिआ, कोरहिन, रॅनी या चौघांचं बोलणं दर वेळी पुरतं संपवूनच पुढं सरका. म्हणजे "संपलं" वाटलं तरी परत एकदा बटण दाबा, कधीकधी अजून एक वाक्य निघतं आणि नेमकं तेच कामाचं असतं.

पायरी ३: पुराव्याची प्रत लावा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नव्वद टक्के भांडणं हीच गाळल्यामुळं होतात. आमच्या ग्रुपात यासाठी शब्द ठरलेत, जमिनीच्या वादात ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ असलेले, म्हणून तेच वापरायलो.

सातबारा: गेम स्वतः ठाम सांगतो ते. कटसीनमध्ये दिसलं, वर्णनात सरळ लिहिलं, किंवा तुम्ही स्वतः केलं आणि समोर घडलं.

जबानी: एखादं पात्र तोंडानं सांगतं ते. खरं असू शकतं, खोटं असू शकतं, त्याला अर्धंच माहीत असू शकतं. सर गिडिअन स्वतःला सर्वज्ञ म्हणवतो, त्यावरून काय ते समजा.

पारावरची: वर्णनातच "असं म्हणतात" असं लिहिलेलं असतं ते. हे लोक लय वेळा सातबारा म्हणून खपवतात, तिथं पकडा.

जोडकाम: दोन-तीन गोष्टी शेजारी ठेवून आपण काढलेला अर्थ. वाईट काही नाही त्यात, सगळी मजा त्यातच आहे, फक्त बोलताना "हे माझं जोडकाम आहे" म्हणा.

सातबाऱ्याचं नमुन्याचं उदाहरण घ्या. मरिकाचा दुसरा नवरा राडागॉन कोण? लेंडेल राजधानीत त्याचा एक पुतळा आहे, जमिनीवर मेसेज आहे की रिग्रेशननंच गुपित उघडेल. लॉ ऑफ रिग्रेशन हा मंत्र टाकायला इंटेलिजन्स ३७ लागतं, जे तलवार घेऊन हाणामारी करणाऱ्या पोरांकडं कधीच नसतं. मंत्र टाकला की पुतळा बदलून मरिकाचा होतो आणि राडागॉन म्हणजेच मरिका असं सरळ लिहून येतं. यावर वाद नाही. दोघं एकाच शरीरात कधीपासून, आधी वेगळे होते का, राडागॉननं पहिलं लग्न केलं तेव्हा मरिकाला काय वाटलं, यावर मात्र रात्रभर बोला. फक्त हे राजधानीची राख व्हायच्या आत करून घ्या.

पायरी ४: एक वाद धरून हात बसवा

नवीन माणसानं सुरुवात करायची काळ्या सुऱ्यांच्या रात्रीपासून, नाइट ऑफ द ब्लॅक नाइव्ज. कारण यात चारही प्रतीचा माल मिळतो.

प्रश्न काय? गॉडविन नावाचा मरिकाचा मुलगा त्या रात्री मारला गेला, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. कुणी केलं?

आता क्रमानं जा. लिउर्नियात ब्लॅक नाइफ कॅटाकोम्ब्ज आहेत, तिथल्या खोट्या भिंतीमागं एक मारेकरीण आहे, तिच्याकडून ब्लॅक नाइफप्रिंट मिळतो. तो राउंडटेबल या मुक्कामाच्या जागी बसलेल्या रॉजिअरकडं न्यायचा. तो बघून रॅनी या चेटकिणीचं नाव घेतो. ही जबानी झाली, आणि तीही अंदाजाची, त्यामुळं इथंच थांबून "केस सुटली" म्हणू नका. पुढं रॅनीची क्वेस्ट करत जा, एनसेल नदीपाशी ती छोटी बाहुली सापडते, तिच्याशी शेकोटीपाशी बसून पुन्हा पुन्हा बोलायचा प्रयत्न करा. ती आधी बोलतच नाही, चिकाटी लागते. मग शेवटी स्वतःच्या तोंडानं सांगते, टू फिंगर्सचं (देवाचा हुकूम सांगणाऱ्या दोन बोटांचं) ऐकायचं नव्हतं म्हणून रून ऑफ डेथ (मृत्यूची ताकद) चोरला आणि स्वतःचंच शरीर मारून टाकलं. ही पण जबानीच, पण स्वतःविरुद्ध दिलेली, म्हणून वजन जास्त.

मग लिउर्नियाच्या डिव्हाइन टॉवरवर जा. वर रॅनीचं जळालेलं खरं शरीर पडलंय, त्याच्यापाशी कर्समार्क ऑफ डेथ. त्याचं वर्णन नीट वाचा, वाचून झालं की परत वाचा. मृत्यूचा शिक्का पूर्ण गोल उमटायला पाहिजे होता, पण दोन डेमिगॉड, म्हणजे अर्धदेव, एकाच वेळी मेले म्हणून तो तुटून दोन अर्धगोल झाले. रॅनीचं फक्त शरीर गेलं, दुसऱ्याचा फक्त आत्मा. हा सातबारा. आता कळतं की गॉडविनचं शरीर मुळांमधून असं सडत, पसरत, माशासारखं होत का वाढतंय, स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या खाली तो भला मोठा चेहरा कुणाचा, आणि रॉजिअरच्या पायांची ती अवस्था कशानं झाली. एका आयटमनं इतकी कोडी सुटतात, आणि पोरं ते न वाचता घोड्यावरून पुढं जातात.

म्हणजे रॅनीचा हात आहे, हे संपलं. खरा वाद पुढं आहे: मरिकाला माहीत होतं का? ब्लॅक नाइफ आर्मरच्या वर्णनात येतं की त्या रात्रीच्या मारेकरी सगळ्या बायका होत्या, आणि म्हणतात की त्या मरिकाच्या जवळच्या न्यूमेन जमातीच्या होत्या. बघा, बायका होत्या हे ठाम, न्यूमेन आणि मरिकाच्या जवळच्या हे पारावरचं. एकाच वर्णनात दोन प्रती आहेत आणि लोक दोन्ही एका दमात वाचून "मरिकानंच पोरगा मारला" म्हणून मोकळे होतात.

माझं मत विचाराल तर तिला कुणकुण होती, आणि तिनं ते थांबवलं नाही. आधार? लेंडेलमध्ये राणीच्या शयनगृहात मेलिना मरिकाचे शब्द ऐकवते, त्यात ती राडागॉनला गोल्डन ऑर्डरचा, म्हणजे त्या राजवटीचा, इमानी कुत्रा म्हणते आणि आपण दोघं मिळून फुटू या असं बोलते. जी बाई स्वतःचीच राजवट फोडायला निघाली होती, तिला त्या रात्रीचं काहीच माहीत नसेल हे मला पटत नाही. पण हे शंभर टक्के जोडकाम आहे. आमच्यातला एक जण, लातूरला क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवतो, तो म्हणतो की आई पोटच्या पोराला मारेल असा हेतू गेममध्ये कुठंच लिहिला नाही, आधी हेतू दाखव मग बोल. त्याचंही बरोबर आहे, आणि हा वाद आमच्यात अजून मिटला नाही.

पायरी ५: न सुटणारा वाद ओळखा

मेलिना म्हणजेच ग्लोम-आइड क्वीन, ती जुनी राणी, का? नवीन माणूस आला की आठवड्याभरात हे काढतोच.

बाजूनं: मेलिनाचा डावा डोळा कायम मिटलेला असतो. फ्रेन्झीड फ्लेमचा (सगळं जाळून टाकणारा) शेवट घेतला तर शेवटी ती तो उघडते, सांजवेळेसारख्या रंगाचा, आणि तुला डेस्टिन्ड डेथ, म्हणजे तीच मृत्यूची ताकद, आणून देईन अशी धमकी देते. ग्लोम-आइड म्हणजे सांजडोळ्यांचीच राणी, आणि डेस्टिन्ड डेथ तिच्याचकडं होती, मरिकाचा रक्षक मलिकेथनं तिला हरवून ती बंद करून टाकली.

विरुद्ध: मेलिना सांगते की तिचा जन्म अर्डट्री या मोठ्या सोनेरी झाडाच्या पायथ्याशी झाला आणि आईनं तिला काम दिलं. डीएलसीत मेस्मर या बॉसच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख येतो, त्याच्यासारखंच तिलाही आगीचं स्वप्न होतं म्हणून, त्यामुळं ती मरिकाची मुलगी याला जोर मिळाला. मग मरिकाची मुलगी मरिकाच्याच सावलीशी, म्हणजे मलिकेथशी, कधी लढली? काही जण म्हणतात हीच तर गंमत आहे, काही म्हणतात राणीची ताकद तिला वारशानं मिळाली, काही म्हणतात दोघींचा संबंधच नाही.

गेममध्ये याचं उत्तर नाही. खाली, वर, भिंतीमागं, कुठंच नाही. त्यामुळं इथं जिंकायच्या हिशोबानं उतरू नका. दुसऱ्यानं कधी न वाचलेला आयटम दाखवला तर तुमची सरशी, एवढाच इथला नियम.

पायरी ६: मिटलेला वाद उकरून काढू नका

मोग आणि मरिकाचा मुलगा मिकेला. २०२२ ते २०२४ सगळे म्हणायचे मोग नालायक, त्यानं मिकेलाला पळवून आणलं. मोगच्या रिमेम्ब्रन्सवर तसंच दिसायचं, की त्याला मिकेलाला देव करून आपण त्याचा जोडीदार व्हायचं होतं, आणि पोरगं काही उत्तर देईना. थोडे जण तेव्हाही म्हणत होते की बिविचिंग ब्रँच वाचा, त्यावर लिहिलंय की मिकेलावर लय लोकांचं प्रेम आहे आणि ते प्रेम करायला भाग पाडणं त्याला चांगलं जमतं. त्यांना वेड्यात काढलं.

मग डीएलसीत आन्सबाख आला. मोगचाच जुना सरदार, म्हातारा, सभ्य माणूस. मिकेलाची मोहिनी तुटली की तो सांगतो, मोगवरच मोहिनी घातली होती. आणि शेवटी तर मोगचं शरीर राडानचा आत्मा ठेवायला वापरलं हेही समोर येतं. गंमत बघा, जुनं वर्णन खोटं नव्हतंच. मोगला तसं वाटत होतं हे खरंच लिहिलं होतं, का वाटत होतं तेवढं लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी वर्णन वाचताना हे कुणाच्या नजरेतून लिहिलंय ते आधी बघतो.

एक फट मात्र उरलीय: मोहिनीच्या आधी मोगच्या मनात स्वतःचं राज्य करायचं किती होतं? त्यावर बोला, पण "मोगनं पळवलं" घेऊन आलात तर चहाचे पैसे तुम्हीच द्यायचे, असा आमच्यात कायदा आहे.

पायरी ७: नेहमीचे सापळे

आधी व्हिडिओ बघणं. थिअरीचे व्हिडिओ भारी असतात, आवाज भारी, म्युझिक भारी, आणि जोडकाम सातबाऱ्यासारखं सांगितलेलं असतं. आधी खेळा, मत बनवा, मग बघा.

काढून टाकलेला मजकूर. गेमच्या फाइल्स उकरून लोक न वापरलेले संवाद काढतात, कले नावाचा तो व्यापारी आहे ना सुरुवातीला भेटणारा, त्याच्याही नावावर असं बरंच काही सापडलंय. ऐकायला मजा येते, पण बनवणाऱ्यांनीच जे बाहेर टाकलं ते पुरावा म्हणून कसं धरणार? वेगळ्या पिशवीत ठेवा.

जुनी माहिती. मार्च २०२२ च्या १.०३ पॅचमध्ये नेफेली, केनेथ, डायलोस यांच्या क्वेस्टमध्ये भर घातली गेली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लिहिलेलं "याची कथा अर्धवट सोडली" आता लागू नाही.

नाइटरेन. हा याच नावाखालचा वेगळा गेम २०२५ ला आला, जुने बॉस दिसतात म्हणून पोरं त्यातले पुरावे आणायलेत. ते वेगळ्या वाटेनं गेलेलं जग आहे, तसं त्याच्या डायरेक्टरनंच सांगितलंय. मूळ वादात चालत नाही.

जपानी मजकूर. इंग्रजीत आणि जपानीत काही ठिकाणी फरक आहे, रॅनीच्या शेवटाबद्दल तर जास्तच. कुणी जपानी येणारा सांगत असेल तर ऐका, ट्रान्सलेट अॅपवर काढून कुणी टेबलावर आपटत असेल तर सोडून द्या.

पायरी ८: बोलायची रीत

थोडक्यात सांगतो. समोरचा कुठपर्यंत खेळलाय ते आधी विचारा. गेमला सहा शेवट आहेत, तुम्ही घेतलेला त्यानं घेतला नसेल, आणि त्यानं फ्रेन्झीड फ्लेम घेतला असेल तर मेलिनाबद्दल त्याला जे दिसलंय ते तुम्हाला दिसलेलंच नाही. दावा केला की जागा सांगा, "कुठंतरी वाचलंय" चालत नाही. मोठ्या दादा लोकांशी, जे २०११ पासून याच कंपनीचं डार्क सोल्स खेळायलेत, थोडं नमतं घ्या, ते "हे तिकडंही असंच होतं" म्हणून दोन्ही जगं एकत्र करतात, त्यांना हळूच सांगायचं की दादा ते वेगळं गाव आहे.

सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की मी एकच सांगतो: कॅलिडच्या डिव्हाइन टॉवरच्या अगदी तळाला उतरा, गॉडस्किन अपोसल मारा, पेटीत गॉडस्लेयर्स ग्रेटस्वोर्ड मिळेल, त्याचं वर्णन वाचा आणि मग पायरी ५ वर परत या. उतरताना कडेनं चाला, खाली पडून मेलात तर त्याचा वाद आमच्याकडं आणू नका.